मागची भिंत बसली म्हणून वाडा संपला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाईजवळ कृष्णाकाठच्या एका गावात तुमचा दोन चौकांचा वडिलोपार्जित वाडा आहे. पुढच्या सोप्यात चुलत्यांचं कुटुंब राहतं, बाकी सगळा बंद. गेल्या पावसाळ्यात मागच्या चौकाची भिंत बसली. गावातला ठेकेदार म्हणतो, उरलेल्या भिंतींवर स्लॅब टाकू, नाहीतर सगळंच पाडून नवं बांधू. पुण्यातली भावंडं म्हणतात, पर्यटकांसाठी काहीतरी करू. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: वाडा राखण्यासारखा आहे का, त्याचा इतिहास कुठे सापडेल आणि खर्च किती येईल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे निराशा लवकर उरकेल. वाडा न बघता चौरस फुटाचा दर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगितला तर माझ्यावरही. वाड्याचा खर्च खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांवर, निघतो. किती खणांचं लाकूड शाबूत आहे, किती खणांचं छप्पर उतरवायचं, किती फूट भिंत नव्याने रचायची, हे मोजल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे पोपटवाल्याने काढलेली चिठ्ठी.

राखण्यासारखा आहे का, याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा हो असतं. तीस वर्षं जुनी घरं दुरुस्त करतो आहे, पण नुसतं वय झालं म्हणून पडलेला वाडा मला अजून भेटलेला नाही. पडलेल्या वाड्यामागे पाणी असतं, आणि पाण्यामागे बहुधा एक रखडलेली वाटणी.

तुम्ही वाईकडचे, तेव्हा आधी मेणवलीला जाऊन या. लहानपणी सहलीला गेला असाल, आता भिंती बघायला जा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांना इनाम दिलं. नानांनी गाव वसवलं, नदीला घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ उभारलं आणि सहा चौकांचा वाडा बांधला. घाट, देवळं आणि वाडा एका हाताने, एका विचाराने झालेले असे संच आपल्याकडे फार उरलेले नाहीत. घाटाजवळची घंटा सगळे बघतात: वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेली, अंगावर मेरी आणि बाळ येशू, आणि १७०७ हे साल. मी लोकांना तिथून परत फिरवतो आणि वाड्याच्या पायाशी उभं करतो. नदीकडून वर येणारी ती घडीव दगडाची बाजू बघा. वरच्या मजल्याची वीट आणि खालचा दगड कुठे भेटतात ते बघा. पाऊस पडत असेल तर फारच उत्तम. चौकात पडलेलं पाणी किती वेळात आणि कुठून बाहेर जातं, ते उभं राहून बघा. बांधणाऱ्यांनी वाड्याच्या रचनेत सगळ्यात जास्त डोकं खर्च केलं ते याच गोष्टीवर.

मेणवलीची पुढची कथा तुमच्याही वाड्याची असू शकते, म्हणून सांगतो. नाना १८०० मध्ये गेले. त्यांना मुलगा नव्हता. दुसऱ्या बाजीरावाने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, आणि त्यांची अगदी लहान वयात विधवा झालेली पत्नी जिऊबाई बऱ्याच फरफटीनंतर मेणवलीत येऊन राहिली. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांची पेशवाई बुडाल्यावर वाताहत झाली. हा वाडा टिकला, कारण त्यात माणूस राहत होतं. चूल पेटत होती, म्हणजे धूर वाशांना लागत होता. रोज झाडलोट होत होती, म्हणजे वाळवीची माती पहिल्या दिवशी दिसत होती. पुढे वंशजांनी तो धरून ठेवला. अलीकडच्या काळात चित्रपटवाल्यांनी तिथे इतकं चित्रीकरण केलं की निम्म्या महाराष्ट्राला तो चौक ओळखीचा वाटतो. वाड्याला पुन्हा काम मिळालं, असं मी म्हणतो.

आता तुमच्या वाड्याकडे. नानांसारखी मंडळी अपवाद. गावोगावचे बहुतेक वाडे देशमुख, पाटील, कुलकर्णी, इनामदार, सरदारांचे कारभारी किंवा सावकार यांचे. वाडा म्हणजे नुसतं घर नव्हतं, ती त्या गावची कचेरी, कोठार, बँक आणि थोडीफार गढी होती. दिंडी दरवाजातून आत आलं की देवडी, म्हणजे पहारा. पहिल्या चौकाभोवती सदर आणि ओसरी, तिथे बाहेरचा माणूस. दुसऱ्या चौकाभोवती माजघर, देवघर, स्वयंपाकघर. तिथे घरचा माणूस, त्यातही बायकांचं राज्य. मागे गोठा, आड, परसू. धान्यासाठी बळदं आणि जमिनीतली पेवं. हे कळून घेणं दुरुस्तीसाठी फार उपयोगाचं आहे, कारण मूळ रचनेत ओलं काम कुठे होतं आणि कोरडं कुठे, हे त्यातूनच समजतं. आंघोळ, धुणं, भांडी, गुरं सगळी मागे. सदरेच्या माडीवर कुणी नळ नेला नव्हता. तो नेला आपल्या वडिलांच्या पिढीने.

मग हे वाडे रिकामे का झाले? इनामांचा आणि वतनांचा आधार १९५० च्या दशकात कायद्याने गेला. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक झाला. ते न्याय्यच होतं, पण वाड्याचं छप्पर शाकारायला ज्या धान्यातून पैसा येत होता ते धान्य यायचं थांबलं. त्याआधी गांधीहत्येनंतरची १९४८ ची जळीत. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांचे अनेक वाडे तेव्हा जळाले आणि माणसं रातोरात पुण्या-मुंबईला गेली, ती परतली नाहीत. हे सांगण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. तुमच्याकडे एखादी काळी पडलेली तुळई, म्हणजे छपराचं आडवं जाड लाकूड, सापडली आणि सुतार म्हणाला 'जळकी आहे, काढून टाका', तर ऐकू नका. जाड सागवानाची तुळई वरून कोळसा होते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला वाचवतो. तासून बघा. इंचभर आत लाकूड पिवळंधमक निघालं, आणि उरलेली जाडी वजनाला पुरते आहे असं हिशेबात बसलं, तर ती तुळई तुमच्या नातवंडांना पुरेल.

इतिहास कुठे सापडेल, तर आधी घरात शोधा. माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, बळदात, जुन्या पेटीत मोडी कागदांची रुमालात बांधलेली गाठोडी असतील. मेणवलीच्या वाड्यात नानांचं दफ्तर राहिलं, ते इतिहास-संग्राहक द. ब. पारसनीसांनी उजेडात आणलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना मराठ्यांच्या इतिहासाची पहिली मोठी पत्रं मिळाली ती तुमच्या वाईतच. तेव्हा ठेकेदार 'कचरा काढतो' म्हणाला तर एकही चिठोरं बाहेर जाऊ देऊ नका. मला एका वाड्यात लाकडाच्या खरेदीची यादी मिळाली होती, त्यावरून कुठला खांब मूळचा आणि कुठला नंतर बदललेला हे सरळ लावता आलं. कागद ओले असतील तर उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली वाळवा. गठ्ठे सोडवायची घाई नको. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे भेटतात. सरकारी बाजूने पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे जुनं पेशवे दफ्तर, आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला गावठाणाचा जुना नकाशा. कागद काहीच नसतील तर भिंत वाचा. पातळ, रुंद वीट आणि चुन्याचा सांधा असेल तर तो भाग जुना. मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचंच, कारण मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो त्या साली. आपल्या खेड्यांत ती कौलं पोचायला आणखी काही दशकं गेली. त्याआधी तिथे नळीची कौलं किंवा धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असणार.

आता भिंत.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'भिंतीला दोन-तीन वर्षं पोट सुटलं होतं.' सगळं निदान त्यात आलं. वाड्याची तीन-साडेतीन फुटी भिंत एकसंध नसते. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दगडाचा किंवा विटेचा दुसरा, आणि मध्ये दगडगोटे नि मातीची भर. वरून पाणी आत शिरलं की ती भर फुगते, चिखल होऊन खाली बसते आणि दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. आधी पोट सुटतं, मग एका रात्री बाहेरचा पदर बसतो. लोक म्हणतात, भिंत अचानक पडली. ती कित्येक पावसाळे सांगत होती.

चांगल्या गवंड्याने दर काही फुटांवर दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड घातलेले असतात. जिथे ते नाहीत तिथे भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जी घरं माणसांवर कोसळली, त्यांच्या भिंती अशाच होत्या, मातीत रचलेल्या आणि न बांधलेल्या. वर धाब्याची जड माती. पण त्याच भागात लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत असलेल्या घरांत भिंती बाहेर पडल्या आणि छप्पर खांबांवर तोलून राहिलं, असंही दिसलं. तुमच्या वाड्यातही खांबांचा सांगाडा आहे, म्हणूनच मागची भिंत बसूनही वरची माडी जागेवर आहे. लाकूड भार घेतं, भिंत आडोसा देते. हे एकदा लक्षात आलं की ठेकेदाराचा स्लॅब का नको ते वेगळं सांगावं लागत नाही. तरी सांगतो, कारण तो 'स्लॅब मजबूत' या शब्दावर तुमच्या काकांना पटवेल.

स्लॅब जड असतो म्हणून मी नको म्हणत नाही. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण तीनशे किलो. तुमच्या धाब्यावर फूटभर माती असेल तर तिचंच वजन अर्ध्या टनाच्या घरात जातं. म्हणजे वजनाने उलट हलकं झालं. खरी अडचण अशी की लाकडी छपराचा भार खांबांवरून तळखड्यांवर, म्हणजे खांबांखालच्या दगडांवर, उतरत होता. स्लॅब टाकला की तो सगळा भिंतींवर बसतो, त्या मातीची भर असलेल्या दोन पदरी भिंतींवर. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्याच जिल्ह्यातला आहे. जमीन हलली तर तो स्लॅब अख्ख्या झाकणासारखा सरकेल. स्लॅबच घालायचा असेल तर जुनं सगळं उतरवून, पाया नवीन घेऊन, रीतसर नवं घर बांधा. जुन्या भिंतींवर मात्र नको.

सिमेंटबद्दल मला बोलायचा हक्क आहे, कारण ते पाप मी केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्याची ओलसर भिंत मी सिमेंटचा गिलावा करून 'कायमची' दुरुस्त केली. दोन पावसाळे ती देखणी दिसली. तिसऱ्या वर्षी गिलाव्याच्या वर, जिथे मी थांबलो होतो त्याच्या हातभर वर, ओल आली. आतली वीट पिठासारखी झाली होती आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं हाताने चुरगळत होती. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. सिमेंटने मी तो मार्ग बुजवला होता, म्हणून पाणी आणखी वर चढलं. जाताना क्षार विटेत ठेवून गेलं, आणि ते क्षार फुगून वीट फोडत राहिले. त्या मालकांनी मला शिव्या दिल्या नाहीत, पुढच्या कामाला बोलावलं नाही इतकंच.

तेव्हा चुना. इथे जरा थांबतो, कारण चुन्याच्या नावाखाली आज काहीही विकतात. बाजारातली पिशवीतली पांढरी पूड आणून सिमेंटमध्ये मिसळली की चुन्याचं काम झालं असं सांगणारे भेटतील. कळीचा चुना आणा, म्हणजे भट्टीतून निघालेले खडे. ते मोठ्या टाकीत पाण्यात टाकून विरवायचे. पाणी उकळतं, मुलांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. मग तो पाण्याखाली ठेवून मुरू द्यायचा. पंधरा दिवस हे कमीत कमी, दोन महिने मिळाले तर लोण्यासारखा होतो. गिलाव्यासाठी धुतलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची भुकटी. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो, नाहीतर नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश दगड होतो आणि ओल्या भिंतीवर बराच काळ मऊ राहतो. पूर्वी हे सगळं बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाण्यात मळत. आता गिरणीसारखं यंत्र मिळतं. तेही नसेल तर माणसं लावून कुटा. फावड्याने कालवलेला चुना आणि मळलेला चुना यांत भाकरीच्या आणि नुसत्या भिजवलेल्या पिठाइतका फरक आहे.

गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद घालावेत का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, कारण त्याचे व्हिडिओ खूप आहेत. गुळाने आणि हिरड्याने काम सुधारतं, हे माझ्या हाताला माहीत आहे. पण गूळ जास्त झाला तर गिलावा वाळतच नाही आणि मुंग्यांची मेजवानी होते. नीट न मुरलेल्या चुन्याला उडदाने वाचवता येत नाही. आधी चुना, वाळू आणि हात नीट करा, मग मसाले. थर अर्ध्या इंचाच्या आत, एकावर एक, मधे सुकायला वेळ देऊन. दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचा हलका शिडकावा, वर ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नका. ऑक्टोबरनंतर सुरू करून फाल्गुनाच्या आत संपवा. वरचा घोटलेला संदला, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत शेवटचा थर, करणारा कारागीर मिळाला तर एका खोलीत जरूर करून घ्या, सगळीकडे परवडणार नाही.

पडलेली भिंत पुन्हा रचताना पडलेलेच दगड वापरा. ते गावात बांधाला किंवा कुणाच्या पायाला जायच्या आत मोजून एका जागी लावून ठेवा. आरपार दगड नसतील तर नवे घडवून घ्या. जी भिंत उभी आहे पण पोट सुटायच्या बेतात आहे, तिला बाहेरून टेकू द्या, वर ताडपत्री टाका आणि ओळंबा सोडून महिन्याला एकदा नोंद करा. भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहा. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर ती भेग कोयनेच्या भूकंपातली म्हातारी भेग असेल, नुसती भरून घ्या. पट्टी तडकली तर भिंत अजून चालते आहे.

लाकडाचं बघू. खांबांची भीती नको. तळखड्यावर उभा असलेला सागवानी खांब सहसा खालच्या वीतभरच कुजतो, तेही जोत्यावर पाणी साचत असेल तरच. तो तुकडा कापून खाली नवा सागवानी तुकडा सांधता येतो. खरी रोगट जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक, आणि ते बाहेरून दिसत नाही. हातोडीने वाजवत टोकापर्यंत जा. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे टोचा घालून बघा. टोचा दोन बोटं सहज आत गेला तर टोक गेलं. त्यासाठी अख्खी तुळई बदलायची गरज नाही. शाबूत भाग ठेवून टोकाला नवा सांधा द्यायचा, आणि नवं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी हवा ठेवायची. जुन्या लाकडावर चकचकीत पॉलिश नको. जवसाचं तेल पुरे. आणि केळफुलांचं कोरीव काम असलेले हस्त, म्हणजे खांबाला जोडलेले लाकडी टेकू, विकत मागणारे लोक येतील, गाडी घेऊनच येतील. चुलत्यांना आत्ताच सांगून ठेवा.

छप्पर सगळ्यात खर्चाचं आणि सगळ्यात आधीचं काम. तुमच्याकडे पुढे कौलं आणि मागे धाबं आहे असं दिसतं. धाब्याची गंमत अशी की दर उन्हाळ्यात गळती बंद करायला वर पांढऱ्या मातीचा थर देतात आणि खालचा कुणी काढत नाही. मी दोन-दोन फूट माती उतरवलेली आहे. दहा बाय पंधराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे सात टन. दोन फूट झाली की चौदा. तुळया वाकल्या म्हणून लाकडाला दोष देतात. माती मूळ थरापर्यंत उतरवा, पण एका बाजूने सगळी नको, दोन्हीकडून सारखी, नाहीतर सांगाडा एका अंगाला कलतो. पुन्हा धाबंच करायचं की वर हलकं उतरतं छप्पर घ्यायचं, हे नंतर ठरवू. दरवर्षी मे महिन्यात धाब्यावर चढणारा माणूस घरात असेल तरच धाबं करा.

आणि रस्ता. हे पुस्तकात कुठे मिळणार नाही. गावात दर काही वर्षांनी जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट ओततात आणि रस्ता वीतभर उंच होतो. ज्या वाड्यात तीन पायऱ्या चढून जायचं, तिथे आता एक पायरी उतरून जावं लागतं. मग रस्त्याचं पाणी देवडीत आणि जोत्यात. भिंतीच्या बाहेरून उतार काढून गटार द्या, ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करा, पुढच्या वेळी ओतण्याआधी जुना थर खरवडायला सांगा. वाईटपणा येईल, घ्या.

पाण्याचं घर झालं, आता माणसांचं. वाड्याला सातबारा नसतो, तो गावठाणात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, कुणाचं नाव आहे, ते आधी काढा; बहुधा पणजोबांचं किंवा एकाच चुलत्याचं असेल. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर त्यात कुणाची नावं लागली ते बघा, चुकली असतील तर आत्ताच हरकत घ्या. वारस नोंद पूर्ण होईपर्यंत कुणीही एक रुपया वाड्यात घालू नये, असं मी प्रत्येक घराला सांगतो आणि प्रत्येक घर माझ्यावर रागावतं.

वाटणी करायचीच असेल तर उभी करू नका. अर्धा चौक तुझा, अर्धा माझा म्हणून मधोमध विटेची भिंत घातलेले वाडे मी बघितले आहेत. चौक म्हणजे त्या घराचं गटार आणि नाक. त्यात भिंत घातली की एका बाजूचं पाणी अडतं, दुसऱ्या बाजूचा उजेड जातो, आणि दहा वर्षांत दोन्ही भाऊ पाडायला तयार होतात. वाडा अविभक्त ठेवून शेत किंवा पैसा वाटून घेणं, किंवा कुटुंबाचा न्यास करणं, हे वकिलाबरोबर बसून ठरवा.

पर्यटनाचं म्हणाल तर उदाहरणं आहेत. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आज जाधवगड नावाचं हॉटेल आहे, कामतांनी चालवलेलं. पण ते पुण्याच्या तोंडाशी आहे आणि त्यामागे हॉटेलवाल्याचं भांडवल आहे. तुमच्या घराला ते माप घालू नका. होळकरांच्या वाफगावच्या गढीत, यशवंतराव होळकरांच्या जन्मस्थानी, अनेक वर्षं रयत शिक्षण संस्थेची शाळा भरत होती. डोळे दिपवणारं पुनरुज्जीवन नव्हे ते, पण मुलांचे पाय रोज लागत होते म्हणून दरवाजे उघडले जात होते. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात शेतकरी कुटुंबाला नोंदणी करता येते. चुलत्यांची शेती, काकूंच्या हातची भाकरी आणि पुढच्या चौकातल्या तीन खोल्या एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. काकूंना मात्र आधी विचारा. भाकऱ्या त्या थापणार आहेत आणि तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही.

पाहुण्यांसाठी न्हाणीघरं लागतील. ती गोठ्याच्या जागी, परसात, वाड्याच्या भिंतींना न टेकता बांधा. पाहुण्याला वीस पावलं चालायला लागली तर लागू द्या. माडीवर कमोड बसवायचा आग्रह कुणी धरला, तर त्याला मागची भिंत दाखवा.

या उन्हाळ्यात एवढंच करा. सगळी कौलं चाळून फुटकी बदला. उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर चुन्याचा जाड थर द्या, त्याला बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. धाब्यावर ताडपत्री. पिंपळाचं रोपटं उगवलं असेल तर ओढून काढू नका, मुळासकट भिंत येईल. बुंधा कापा, आणि फुटवे येतील तसे मरेपर्यंत पुन्हा पुन्हा कापत राहा. आत टेकू. बाकी काही नको, रंग तर मुळीच नको.

फोटो पाठवणार असाल तर उन्हातले नकोत. पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन मागच्या चौकात उभे राहा आणि जिथे भिंत बसली त्याच्या बरोबर वर काय आहे ते टिपा. माझा अंदाज विचाराल तर तिथे पत्र्याची पन्हळ मधेच तुटलेली असेल, किंवा पलीकडच्या बाजूला १९७०-८० च्या सुमारास कुणीतरी हौसेने बांधलेली मोरी असेल.